सगळ्यात खालचं मडकं

शब्दकोशाच्या कचेरीत मी बारा वर्षं काम केलं. त्यातली निम्मी वर्षं पैसा साठवण्याच्या शब्दांत गेली. हे सांगितलं की लोक हसतात. एवढा वेळ लागतो का शब्दांना, असं विचारतात. जरा धीट असले तर, मग काही साठलं का, असंही विचारतात. वेळ लागतो. आणि साठलं ते अजून माझ्या घरात आहे. त्याचीच ही हकिकत.

माझी आई जाऊन आठ महिने झाले. ती गेल्यावर महिन्याभरात कोशाच्या प्रकाशकांचं पत्र आलं, म्हणून लिहायला बसले. एरवी लिहिलं नसतं. मला लिहायला फार वेळ लागतो. आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिल्या, एका चिठ्ठीवर सात-आठ ओळींच्या वर कधी गेले नाही.

कचेरी सीताबर्डीवर होती, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर. कोश तीन भाषांचा: इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी. नागपुरात स्पॅनिशचं काय काम, असं मी मुलाखतीतच विचारलं होतं. समोर बसलेले वृद्ध फादर म्हणाले, "मी आहे ना." ते तरुणपणी स्पेनच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगरी खेड्यातून इकडे आले होते. मराठी शिकताना त्यांनी स्वतःपुरत्या चिठ्ठ्या करायला घेतल्या आणि त्या वाढत वाढत खोलीभर झाल्या. इंग्रजी जोडलं तर कोश खपेल, असं प्रकाशकांना वाटलं, म्हणून मला घेतलं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीतली मी पहिली मुलगी. स्पॅनिश मला फादरांनी शिकवलं, रोज सकाळी काम सुरू होण्याआधी एक तास.

कोश कसा करतात हे फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. पोस्टकार्डाएवढा जाड कागद म्हणजे एक चिठ्ठी. वर परका शब्द, त्याखाली मराठी शब्द, मग अर्थ, मग वापरात ऐकलेलं एक वाक्य. इथवर बहुतेक कोशांत असंच असतं. फादरांच्या चिठ्ठीला एक ओळ जास्त होती. सगळ्यात खाली लिहिलेलं असायचं: 'तोंडून'. हा शब्द कोणाकडून ऐकला, ते माणूस कुठलं आणि बोलताना काय करत होतं. ही ओळ कोरी राहिली तर चिठ्ठी परत येई. पुस्तकातला शब्दही कोणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते घेत नसत. छापील कोशातही ही ओळ बारीक टायपात यायची होती. जगात असा कोश दुसरा नसेल, असं फादर म्हणत, आणि त्यांना तेवढ्यापुरता गर्व चालत असे.

काम अक्षरांच्या क्रमानं नव्हे, अर्थांच्या गठ्ठ्यांनी चाले. पाऊस-वाऱ्याचा गठ्ठा, नात्यांचा, दुखण्यांचा, देवाचा. मला धनाचा गठ्ठा मिळाला. आमच्या घरी ट्रंक एकच होती आणि तिला कुलूप नव्हतं. मी तसं म्हणाले तर फादर म्हणाले, "म्हणूनच. श्रीमंताला हे शब्द नीट ऐकू येत नाहीत."

इंग्रजीत 'होर्ड' म्हणजे लपवून साठवणं. त्यात लोकांची नाराजी मिसळलेली असते. 'ट्रेझर' म्हणजे मोलाचं समजून जपणं. स्पॅनिशमध्ये 'आकापारार' म्हणजे बाजारातला माल एकट्यानं दाबून ठेवणं, 'ताकान्यो' म्हणजे चिक्कू माणूस, आणि 'आतेसोरार' म्हणजे जपून जपून साठवणं. एखाद्याच्या अंगात पुष्कळ गुण असले तरी स्पॅनिश लोक हेच क्रियापद वापरतात. या प्रत्येकाला आपल्याकडे काय म्हणतात, ते शोधत मी आणि फादर नागपूरभर हिंडलो. ते सायकलवर, मी सायकल रिक्षात.

'आकापारार'साठी वाडीला गेलो. दुष्काळाची वर्षं होती. वर्तमानपत्रांत साठेबाजांवर धाडी घातल्याच्या बातम्या रोज येत. अमरावती रोडवरच्या एका गोदामात पोती पार छताला टेकलेली आणि दाराशी मुनीमजी पंख्यानं वारा घेत बसलेले. फादरांनी सरळ विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता? हे जे साठवून ठेवता?"

मुनीमजींनी आधी फादरांच्या पांढऱ्या झग्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

"सरकारी हाय काय?"

"नाही. शब्दकोशाचं आहे," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय. आमी साठवत नाई बाई. माल आराम करून राहिला."

"किती दिवस करतो आराम?"

"भाव जागा होये पावतर."

परतीच्या वाटेवर फादर इतके हसले की सायकल थांबवून त्यांना चष्मा पुसावा लागला. चिठ्ठी झाली: 'आराम करणे (मालाने)'. खाली मुनीमजींचं नाव, आणि 'पंख्यानं वारा घेताना'.

इतवारीतल्या सराफानं मात्र, काही घेतल्याशिवाय बोलणार नाही, अशी अट घातली. फादरांनी चांदीची जोडवी घेतली. संन्यासी माणसाच्या हातात जोडवी बघून पेढीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सराफ खूश झाला आणि त्यानं मला आयुष्यभर पुरेल अशी एक गोष्ट सांगितली. "वस्तू विकाले आणली की तिचा भाव. विकाची नसली की तिचं मोल. आमाले भाव समजते. मोल आमच्या काट्यावर येत नाई." जोडवी फादरांनी माझ्या आईला दिली. तिनं ती कधी घातली नाही.

माझी आई बिड्या वळायची. सकाळी सूप मांडीवर घेतलं की दिवस मावळेपर्यंत पान, तंबाखू, दोरा. माझे वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशावर होते आणि आठवड्यातून एकदा घरी येत. मन मोठं. रस्त्यात कोणी अडचण सांगितली की खिसा तिथंच मोकळा करून येत. वाईट माणूस नव्हे, पण त्यांच्या मोठ्या मनाचा खर्च आईला पेलायचा असे.

'आतेसोरार'ला मराठी शब्द मिळेना. फादर एका दुपारी आमच्या अंगणात येऊन आईजवळ पोत्यावर बसले. आईनं त्यांना बोलूच दिलं नाही, उलट तिनंच विचारलं.

"काहून गा फादरबाबा, तुमच्या गावात बाया पैशे कुठी ठेवतेत?"

"मोज्यात. माझी आई लोकरीच्या मोज्यात ठेवायची. मोजा गादीखाली."

"अन् मोजा फाटला मंग?"

"रफू करायची. पण पायात कधी घातला नाही."

आईला हे पटलं. तिनं हातातल्या कैचीनं घरातली उतरंड दाखवली. कोपऱ्यात मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी सात मडकी रचलेली होती. "थे पाहा. सगळ्यात खालच्या मडक्यात. काहाडाचं म्हटलं तं वरची सहा उतरवा लागतेत. एकात पीठ, एकात दाय, एकात मीठ. अर्धा घंटा जाते. थेवढ्यात मन ठिकाण्यावर येते, खरंच पायजे का नाई."

"चोरापासून लपवता?"

"चोर कायले येते आमच्या घरी? माह्यापासूनच लपवा लागते बापा. अन् इच्या बापापासून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इचं कालेज उतरंडीत ठेवलं होतं. एक एक करून काहाडलं."

फादरांनी हळूच मला खूण केली. शब्द मिळाला होता: उतरंडीत ठेवणे.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे. ती दुसऱ्या कोणी केली नाही, मीच केली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून मी चिठ्ठी लिहिली. शब्द, अर्थ, वाक्य, सगळं नीट. 'तोंडून'पुढे मात्र लिहिलं: 'एक स्त्री, इंदोरा'. बस्स. कचेरीत प्राध्यापक येत, खालच्या दुकानाचे मालक येत. मी माठातलं पाणी घेतलं की काहीजण त्या दिवशी तहान मारत, हे मला दिसत होतं. इंदोऱ्याची मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात बिडी आणखी कशाला, असं वाटलं. मी इंग्रजी कादंबऱ्या वाचत होते, स्पॅनिश क्रियापदं पाठ करत होते आणि आईचं नाव लपवत होते.

चिठ्ठी परत आली. खाली लाल शाईत एकच वाक्य: 'इथे माणूस नाही.'

मी फादरांच्या टेबलापाशी गेले. "ती माझी आई आहे."

"मला माहीत आहे. मी तिच्या हातचा चहा प्यालो आहे. तिला नाव नाही?"

"आहे."

"मग?"

ते रागावलेले नव्हते. त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं: 'बिड्या वळताना'.

ती चिठ्ठी मी संध्याकाळी घरी नेली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"माह्यं नाव पुस्तकात छापून येईन काय वं?"

"येईल."

"बिडीबी?"

"बिडीपण."

"मंग तं त्या ठेकेदाराले दाखवीन. माह्या बिड्या खराब म्हणून छाटते भाड्या." तिनं नावावरून बोट फिरवलं. तंबाखूचं बोट, त्याचा तपकिरी डाग तिथं उमटला. फादरांना मी चिठ्ठी बदलून देऊ का, असं विचारलं. ते म्हणाले, "ही सही आहे."

त्याच दिवसांत त्यांनी मला आणखी एक शब्द शिकवला. पैसे वाचवण्याला स्पॅनिशमध्ये 'आओर्रार' म्हणतात. त्याचा जुना अर्थ होता गुलामाला मोकळं करणं. मी हे मोठ्या कौतुकानं आईला सांगितलं. आईनं बिडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला आणि म्हणाली, "मंग? दुसरा कोणता राहीन?"

फादर गेले ते माझ्या नोकरीच्या अकराव्या वर्षी. चिठ्ठ्या पुऱ्या झाल्या होत्या, छपाई व्हायची होती. प्रकाशकांनी नवे संपादक नेमले. विद्वान माणूस, हे मला मान्य आहे. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की 'तोंडून' ही ओळ काढायची.

"का सर?"

"कोशात शब्द असतात बाई, माणसं नसतात. जागा किती जाते बघा."

"बारीक टायप आहे."

"आणि ही माणसं तरी कोण? मुनीम, सराफ, बिडीवाली. कोशाला काही प्रतिष्ठा असते." त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण आवाज जरा मऊ केला. "फारच वाटत असेल तर 'एक स्त्री, इंदोरा' एवढं ठेवू."

अगदी तेच शब्द. मी दहा वर्षांपूर्वी लाजेनं लिहिलेले शब्द ते आता उदारपणे मला परत देत होते.

आठवड्याभरात टाइप केलेली पानं आली. 'आतेसोरार'पुढे होतं: 'धनसंचय करणे'. त्याखाली 'उतरंडीत ठेवणे', आणि कंसात 'ग्राम्य'. नाव गेलं होतं. मी पान घेऊन त्यांच्याकडे गेले.

"सर, धनसंचय करणे हे कोणाच्या तोंडून ऐकलंत?"

"तोंडून म्हणजे? शुद्ध शब्द आहे."

"तसं नव्हे. चिठ्ठी पुरी करायची आहे. आपल्या घरी पैसे बाजूला ठेवताना वहिनी हाच शब्द म्हणतात का? म्हणत असतील तर त्यांचं नाव घालते."

टायपिस्ट हसला आणि मग त्यानं खोकल्याचं निमित्त केलं. संपादकांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही फार शिकलात."

"हो," मी म्हटलं. "त्याच मडक्यातून."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला आणि माझ्या हातचे धनाचे सगळे गठ्ठे उचलले. भर दिवसा, चार कापडी पिशव्यांत, दुकानाच्या मालकांच्या देखत जिना उतरले. राजीनाम्यात लिहिलं की मजकुराची टाइप केलेली प्रत कचेरीत आहे, ती छापायला पुरेशी आहे. माणसं मी घेऊन जाते आहे. कायद्यानं हे बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही. मी कोणाला विचारलं नाही आणि आजही विचारणार नाही.

घरी येऊन आईला सांगितलं की तुझं नाव छापून येणार नाही. ती वाईट वाटून घेईल असं वाटलं होतं. तिनं पिशव्यांकडे पाहिलं.

"हे सगळे लोक यात हायत?"

"हो."

"मंग असे पिशवीत कायले ठेवते वं त्यायले?" तिनं उठून उतरंड उतरवायला घेतली. पीठ डब्यात टाकलं, डाळ डब्यात टाकली. मडकी पुसली, उन्हात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या कडुनिंबाच्या पाल्यासकट मडक्यांत गेल्या. तिची स्वतःची चिठ्ठी सगळ्यात खाली. घरातले पैसे मात्र त्या दिवसापासून साध्या डब्यात आले, कोणालाही हात घालता येईल असे. थोड्याच दिवसांत मला शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. पैशांची तिला फिकीर राहिली नाही.

पुढे कोश निघाला. जाड, गुळगुळीत कागदाचा. त्यात मुनीमजी नाहीत, सराफ नाही. माझ्या आईच्या शब्दाला 'ग्राम्य' ही शेपटी आहे.

प्रकाशकांनी एकदा शिपाई पाठवला. मी शाळेत होते. आईनंच मला नंतर सांगितलं, हातवारे करून. तिनं त्याला खाट टाकली, पाणी दिलं, चहा दिला. मग तो म्हणाला, "आजी, सायबानं थे गठ्ठे मांगतले."

"गठ्ठे? थे तं आराम करून राहिले."

"मले न्याचे हायत ना पण."

"झोपेतून उठवत नाई बापा आमी कोणाले. तू दुसरा कप घे."

वाडीची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती. एवढी वर्षं तिनं ती जपून ठेवली आणि बरोबर जागी काढली. शिपाई दुसरा कप पिऊन गेला. पुन्हा कोणी आलं नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात ती चिठ्ठ्यांना ऊन दाखवायची. एक चादर अंगणात पसरून, कडेला दगड ठेवून. वाचता येत नव्हतं, पण सगळ्यात खालची कोणती हे तिला डागावरून कळायचं.

ती गेल्यावर उतरंड मी पहिल्यांदा माझ्या हातानं उतरवली. अर्धा तास लागला. खालच्या मडक्यात तिची चिठ्ठी फडक्यात बांधलेली होती, आणि त्याच फडक्यात फादरांनी दिलेली जोडवी.

मग ते पत्र आलं. कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. बोलींच्या अभ्यासाला आता महत्त्व आलं आहे, परदेशातूनही विचारणा होते. आपल्याकडील मूळ साहित्य आम्हाला हवं आहे, मोबदल्याची रक्कम आपणच सुचवावी. थोडक्यात, भाव सांगा.

मी एका चिठ्ठीवर मावेल एवढं उत्तर लिहिलं: 'तोंडून ही ओळ पूर्ण नावांसह छापणार असाल तर गठ्ठे फुकट न्या. नसाल तर मडकी मजबूत आहेत.' त्यावर, आपला प्रस्ताव विचाराधीन आहे, असं पोस्टकार्ड आलं. विचार करू देत. मी सेवानिवृत्तीला आले, मला कसलीही घाई नाही. पण आईला दिलेला शब्द माझा होता, त्यांचा नव्हता, आणि तो मी त्यांच्या विचारावर सोडणार नाही.

या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी एकच अट घातली. मानधन देऊ नका, लेख हवा तेवढा कापा, पण शेवटी एक चिठ्ठी आहे, ती जशीच्या तशी छापा. त्यांनी मान्य केलं. तपकिरी डाग तेवढा छापता येणार नाही म्हणाले.

आतेसोरार (स्पॅनिश). ट्रेझर (इंग्रजी).
मराठी: उतरंडीत ठेवणे.
अर्थ: सगळ्यात खालच्या मडक्यात, स्वतःचाही हात सहज पोचणार नाही असे जपून ठेवणे, खरी गरज आल्यावरच काढणे.
वाक्य: "इचं कालेज उतरंडीत ठेवलं होतं. एक एक करून काहाडलं."
तोंडून: सगुणाबाई किसन मेश्राम, बिडी कामगार, इंदोरा, नागपूर. बिड्या वळताना.